द्रोणाचा कमंडलू आणि शाळेची हद्द

दिल्लीतला सरकारी शाळेतला प्रवेश पाचवी आणि सहावीच्या सांध्यावर ठरतो. पाचवीपर्यंतची शाळा बहुतेक भागांत महानगरपालिकेची असते, सहावीपासून पुढची दिल्ली सरकारच्या शिक्षण संचालनालयाची. पालिकेच्या प्राथमिक शाळा संचालनालयाच्या माध्यमिक शाळांना जोडलेल्या असतात. अशा जोडलेल्या प्राथमिक शाळेला कार्यालयीन बोलीत ‘फीडर’ म्हणतात, आणि तिथून पाचवी झालेले मूल ज्या वाटेने सहावीत जाते तिला ‘प्लॅन’ प्रवेश. खासगी शाळेतून किंवा दुसऱ्या राज्यातून आलेले मूल ‘नॉन-प्लॅन’ वाटेने अर्ज करते. त्याला राहत्या पत्त्यावरून जवळची, जागा शिल्लक असलेली शाळा मिळते. जमिनीवर कुठे रेघ मारलेली नसते. तरी जोडणीचा कागद बदलला की हद्द सरकते, आणि कालपर्यंत ‘आपली’ असलेली शाळा शेजारच्या गल्लीची होते.

सरोजिनी नगरात हा कागद आणखी गुंतागुंतीचा आहे. पूर्वी विनय नगर म्हणून ओळखली जाणारी ही केंद्र सरकारी नोकरांची वसाहत नवी दिल्ली नगरपालिका परिषदेच्या क्षेत्रात येते, आणि ही परिषद स्वतःच्या शाळा बारावीपर्यंत चालवते. रिंग रोड ओलांडून दक्षिणेला सफदरजंग एन्क्लेव्हमध्ये गेले की महानगरपालिकेचा अंमल सुरू होतो. त्यात संचालनालयाच्या शाळा वेगळ्या, केंद्रीय विद्यालयांचे नियम वेगळे. भाषिक संस्थांच्या शाळा तर हद्दच मानत नाहीत: सरोजिनी नगरातली विनय नगर बंगाली शाळा, लक्ष्मीबाई नगरातली तमिळ शिक्षण संस्थेची शाळा, मराठी कुटुंबांसाठी मध्य दिल्ली ओलांडून पहाडगंजातली नूतन मराठी. तिथे शेजार भाषेवरून ठरतो. एकाच जिन्यावरची चार मुले सकाळी चार दिशांना जाताना दिसतात ती यामुळे.

वसाहतीचा नकाशाही स्थिर राहिलेला नाही. 2016 च्या जुलैत केंद्रीय मंत्रिमंडळाने सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर यांच्यासह सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली. 12,970 जुन्या घरांच्या जागी सुमारे 25,667 नवी घरे, असा तो आराखडा होता. दुमजली क्वार्टर रिकामे करताना शाळेत नाव असलेली मुले शहराच्या दुसऱ्या टोकाला जातात. मनोरे उभे राहिले की दुप्पट कुटुंबे येतात. शाळांच्या जोडण्या जुन्याच ठेवल्या तर एक शाळा ओस पडते आणि दुसरीत एका वर्गात साठ मुले बसतात. हद्द बदलणे ही अशा वेळी प्रशासनाची लहर नसते, अपरिहार्यता असते.

पालकांचा विरोध मात्र अपरिहार्यतेने शमत नाही, आणि त्याची सगळी कारणे सारखीही नसतात. नव्या शाळेसाठी सहा पदरी रस्ता ओलांडावा लागतो. दिल्लीतल्या अनेक सरकारी इमारतींत सकाळी मुलींची आणि दुपारी मुलांची शाळा भरते. शाळा बदलली की पाळी बदलू शकते आणि हिवाळ्यात मूल अंधार पडल्यावर घरी येते. विज्ञान शाखा सगळ्या शाळांत नाही, त्यामुळे सहावीतली हद्द अकरावीतली शाखाही ठरवून टाकते. मोठी बहीण एका शाळेत आणि धाकटा भाऊ दुसरीत, ही अडचण आहेच. या सगळ्यांच्या तळाशी आणखी एक काळजी असते आणि ती मोठ्याने बोलली जात नाही: त्या शाळेत ‘कुठली’ मुले येतात?

आपल्या मुलाचे हित इतरांच्या मुलांच्या आधी पाहणे हा आईबापांचा धर्म की मोह, हा जुना प्रश्न इथे उभा राहतो. भारतीय परंपरेत तो विचारायचा झाला तर धृतराष्ट्राकडे बोट दाखवण्याची सवय आहे. पुत्रमोहाचे नाव काढले की तोच आठवतो. पण धृतराष्ट्राचे उदाहरण फार सोपे आहे. त्याच्या मोहात चूक कोणती हे शोधावे लागत नाही. शाळेच्या प्रश्नासाठी महाभारतातला अधिक उपयोगी बाप आहे द्रोण, कारण तो बापही आहे आणि शिक्षकही.

आदिपर्वात द्रोणाच्या या दोन भूमिकांचे तीन प्रसंग येतात. पहिला प्रसिद्ध आहे. श्रीमंतांची मुले दूध पिताना पाहून लहानगा अश्वत्थामा रडतो, मुले त्याला पिठाचे पाणी देतात आणि तो दूध प्यायलो म्हणून नाचतो. त्या अपमानाने द्रोण घर सोडतो; आधी द्रुपदाकडे आणि शेवटी हस्तिनापुरात येऊन राजपुत्रांचा गुरू होतो. दुसरा प्रसंग कमी सांगितला जातो. गुरुकुलात द्रोण इतर शिष्यांना पाणी आणायला अरुंद तोंडाचे कमंडलू देतो आणि अश्वत्थाम्याला रुंद तोंडाचे भांडे. त्याचे भांडे लवकर भरते, तो आधी परततो आणि मधल्या वेळात बाप त्याला जास्तीची विद्या देतो. अर्जुनाच्या ते लक्षात येते. वारुणास्त्राने कमंडलू भरून तोही बरोबरीने परतू लागतो. तिसरा प्रसंग एकलव्याला शिष्यत्व नाकारण्याचा. तिथे महाभारतकार नकाराची कारणे दोन देतो: तो निषादाचा मुलगा आहे हा विचार, आणि इतर शिष्यांकडे पाहून. दुसऱ्या कारणावर टीकाकार फारसे थांबत नाहीत. द्रोणाने एकलव्याची परीक्षा घेतली नाही, कारण जे आधीच आत आहेत त्यांचे काय होईल, त्यांना काय वाटेल, हे त्याला महत्त्वाचे वाटले.

हद्दीच्या भांडणात हे तिन्ही द्रोण एकाच सभेत बसलेले असतात. आपल्या मुलाला इतरांना मिळते ते दूध मिळत नाही, ही पहिल्याची तक्रार. दूर पडलेली शाळा, धोक्याचा रस्ता, विज्ञानाचा नसलेला वर्ग ही तिचीच आजची रूपे, आणि तिला मोह म्हणणे अन्यायाचे आहे. आपल्या भांड्याचे तोंड रुंद असावे, ही दुसऱ्याची खटपट. ओळखीच्या पत्त्यावर भाडेकरार दाखवून ‘चांगल्या’ शाळेच्या हद्दीत शिरणे हा तिचा दिल्लीतला परिचित प्रकार. तिसऱ्याचा आग्रह वेगळ्याच जातीचा. त्याच्या मुलाचे काहीच कमी होत नसते; त्याला दुसऱ्याचे मूल आत नको असते.

पहिला आणि दुसरा यांत फरक करणे कठीण आहे, आणि आधुनिक तत्त्वज्ञानही तिथेच अडखळते. हॅरी ब्रिगहाउस आणि ॲडम स्विफ्ट या दोन विचारवंतांनी 2014 च्या ‘फॅमिली व्हॅल्यूज’ या पुस्तकात एक कसोटी सुचवली. झोपताना मुलाला गोष्ट सांगणाऱ्या आईमुळे मुलाची भाषा सुधारते आणि ते इतरांच्या पुढे जाते, पण गोष्ट सांगणे हा नात्याचाच भाग आहे. ते थांबवले तर कुटुंबच राहणार नाही. मुलासाठी महागड्या शाळेत जागा अडवणे हे मात्र नात्याला आवश्यक नसते. या कसोटीवर द्रोण तपासला तर उत्तर स्पष्ट मिळते. रात्री घरी त्याने मुलाला एखादे अस्त्र शिकवले असते तर कोणी बोट दाखवले नसते. पण तो हस्तिनापूरच्या राजाश्रयावर जगणारा शिक्षक होता, आणि भांड्यांचे तोंड ठरवण्याचा अधिकार त्याला बाप म्हणून मिळालेला नव्हता. ममत्व घरात शोभते, पदावर बसून वाटप करताना नाही. पालकाला मिळते ती सूट हद्द आखणाऱ्याला नाही, एवढे यातून निघते आणि ते पुष्कळ आहे.

हद्द आखणाऱ्याने काय करावे याचे एक उत्तर भारतात 1966 पासून कागदावर आहे. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने समान शाळा पद्धतीचा आणि शेजारशाळेचा पुरस्कार केला: परिसरातली सगळी मुले, जात, धर्म, मिळकत न पाहता, त्या परिसराच्या शाळेत शिकतील. यामागे निव्वळ सोय नव्हती. सधन आणि वजनदार पालकांची मुले त्याच शाळेत बसली तर ते पालक शाळा सुधारायला भाग पाडतील, असा त्यात हिशोब होता. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शेजारशाळेला कायद्याची भाषा दिली. त्याच्या आदर्श नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर असे चालण्याचे अंतर आले.

कोठारींच्या कल्पनेत एक गृहीत होते, की परिसर आपोआप मिश्र असतो. सरोजिनी नगर हे त्याचे खंडन आहे. इथे कोणी घर विकत घेऊन राहायला येत नाही; संपदा संचालनालय पगाराच्या पायरीनुसार ‘टाइप’ ठरवून क्वार्टर देते. कारकून एका रांगेत, अधिकारी दुसऱ्या. लागूनच पिलंजी गाव आहे, जिथे खोल्या भाड्याने मिळतात, आणि रेल्वे स्थानकाजवळ झुग्ग्या होत्या. शेजार हा इथे निसर्गाने दिलेला नाही, तो सरकारच्याच एका खात्याने घडवलेला आहे. मग दुसऱ्या खात्याने त्या शेजाराला पवित्र मानून शाळा वाटायच्या, हे म्हणजे आपणच पाडलेल्या तुकड्यांवर आपणच शिक्का मारण्यासारखे होते.

पत्त्यावर हक्क टांगला की पत्ता नसलेल्यांचे काय, हेही इथेच दिसले. 2022 च्या एप्रिलमध्ये सरोजिनी नगरातल्या सुमारे दोनशे झुग्ग्या हटवण्याची कारवाई ठरली होती. 25 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. के. एम. जोसेफ आणि न्या. हृषीकेश रॉय यांच्या पीठाने तिला तात्पुरती स्थगिती दिली. याचिका करणाऱ्यांत दहावीची बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेली एक मुलगी होती. तिच्या शाळेची हद्द कोणी बदललेली नव्हती. घरच हद्दीतून उचलले जात होते.

खासगी शाळांच्या बाबतीत दिल्लीने अंतराचा प्रयोग दोनदा केला आणि दोन्ही वेळा तो न्यायालयात अडला. 2013 च्या डिसेंबरमध्ये नायब राज्यपाल नजीब जंग यांच्या आदेशाने नर्सरी प्रवेशासाठी शंभर गुणांची पद्धत आली. त्यात आठ किलोमीटरच्या आतल्या रहिवासाला सत्तर गुण, सख्खे भावंड शाळेत असल्यास वीस, पालक माजी विद्यार्थी असल्यास पाच आणि दुसऱ्या राज्यातून बदली होऊन आलेल्यांना पाच. बदलीचे गुण काही आठवड्यांतच रद्द झाले. 28 नोव्हेंबर 2014 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने सगळी पद्धतच मोडीत काढली. शाळांची स्वायत्तता आणि पालकांचा निवडीचा अधिकार हे त्या निकालाचे आधार होते. 2017 च्या जानेवारीत दिल्ली विकास प्राधिकरणाच्या जमिनीवरील 298 खासगी शाळांसाठी पुन्हा अंतर हाच निकष काढला गेला, आणि 14 फेब्रुवारीला त्यालाही स्थगिती मिळाली. मुलाचे शैक्षणिक भवितव्य नकाशावरच्या त्याच्या जागेवर सोडता येणार नाही, असा त्या आदेशाचा आशय होता.

तत्त्व म्हणून हा आशय पटण्यासारखा आहे, पण अर्धाच. नकाशाने भवितव्य ठरवू नये हे खरे. मात्र नकाशा काढून घेतला की शाळा स्वतःच्या निकषांनी निवड करते, आणि ते निकष पालकांची भाषा, ओळख, जुने नाते यांकडे झुकतात. निवडीचा अधिकार पालकांना मिळाला असे म्हणताना तो बऱ्याच अंशी शाळांना मिळाला. ज्या घरात अर्ज भरायला कोणी नाही, तिथल्या मुलाला नकाशा गेल्याने काही मिळाले नाही.

केंद्रीय विद्यालयांचा निकष याहून प्रामाणिक वाटतो. बदली होत राहणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांचे शिक्षण तुटू नये म्हणून 1963 पासून ही साखळी उभी राहिली, आणि प्रवेशात गेल्या सात वर्षांत पालकाच्या किती बदल्या झाल्या हे पाहिले जाते. सरकार ज्या मुलाला गावोगाव फिरवते त्याचे देणे फेडते, एवढा त्याचा अर्थ. सरोजिनी नगरच्या पालकांनी याच न्यायाने एक मागणी केली तर ती रास्त ठरते: पुनर्विकासामुळे सरकारनेच घर हलवले असेल, तर मुलाची शाळा हलू नये. मात्र नव्या मनोऱ्यांतल्या मुलांना जुन्या शाळेत जागा देऊ नका, ही मागणी त्या न्यायात बसत नाही. ती तिसऱ्या द्रोणाची आहे.

तिसऱ्या द्रोणाची भूमिका सरकारच घेऊ शकते, हे महाराष्ट्राने 2024 मध्ये दाखवले. शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित खासगी शाळांत दुर्बल घटकांसाठी पंचवीस टक्के जागा ठेवल्या आहेत. 9 फेब्रुवारी 2024 च्या अधिसूचनेने राज्याने ठरवले की ज्या खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला ही अट नाही. शहरांत अशी शाळा जवळ नसणेच दुर्मीळ, म्हणजे सूट जवळपास सगळ्यांना. किलोमीटरचे जे माप मुलाला शाळेच्या जवळ आणण्यासाठी कायद्याच्या नियमांत आले होते, ते त्याला दाराबाहेर ठेवण्यासाठी वापरले गेले. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात स्थगिती देऊन 19 जुलैला ही दुरुस्ती रद्द केली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. वर्तुळ तेच, कंपास तोच. हेतू बदलला की न्यायाचा अन्याय होतो.

याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी कोल्हापुरात उलटी दिशा घेतली गेली होती. शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला, आणि 1919 मध्ये अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा बंद करून त्यांना सर्वांच्या शाळांत बसवण्याचा हुकूम काढला. आज हद्दबदलावर होते तशी कुजबुज तेव्हाही झाली असणार, असे समजायला हरकत नाही. शाहूंचा हुकूम लक्षात घेण्याजोगा आहे तो त्याच्या उदारतेपेक्षा त्याच्या रचनेमुळे. त्यांनी पालकांना निर्मोही व्हायला सांगितले नाही. दोन शाळांची शक्यताच काढून टाकली, म्हणजे ममत्वाला धरायला रेघ उरली नाही.

संतपरंपरा आणि बौद्ध परंपरा दोन्ही ममत्वाकडे याच नजरेने पाहतात. पालीतल्या मेत्त सुत्तात एकुलत्या एका मुलाला जिवापाड जपणारी आई हे सर्व प्राण्यांविषयीच्या मैत्रीचे परिमाण आहे. तुकोबांनी साधू ओळखण्याच्या खुणा सांगताना पोटच्या पोराविषयीची माया नोकरचाकरांवरही करणे ही एक खूण सांगितली. दोन्हींनी आईबापांच्या प्रेमाला दोष दिला नाही. ते पुसून टाकून समता येते असेही म्हटले नाही. ते प्रेम हे माप आहे, आणि प्रश्न आहे ते कुठवर लावायचे. हद्दीच्या सभेत बोलणाऱ्या पालकाला म्हणूनच ‘स्वार्थी’ म्हणून गप्प करणे निरर्थक आहे. त्याला एवढेच विचारता येते की जी काळजी तो आपल्या मुलासाठी मांडतो आहे, तीच रस्त्याच्या पलीकडच्या मुलासाठी मांडली तर त्याला ती मान्य आहे का. सहा पदरी रस्ता हा मुद्दा या कसोटीवर टिकतो. ‘कुठली मुले येतात’ हा टिकत नाही.

अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी 1971 मध्ये मांडलेला अज्ञानाचा पडदा हीच कसोटी संस्थेच्या पातळीवर लावतो: आपले क्वार्टर रिंग रोडच्या कोणत्या बाजूला पडणार हे माहीत नसलेल्या माणसाने हद्द आखावी. अमेरिकेतच हा विचार किती लवकर कोलमडतो हे तीन वर्षांनी दिसले. डेट्रॉइटच्या खटल्यात, मिलिकन विरुद्ध ब्रॅडली, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1974 मध्ये ठरवले की शहरातल्या शाळांतला वर्णभेद दूर करण्यासाठी, दोष सिद्ध झाल्याशिवाय, उपनगरांच्या शालेय हद्दी ओलांडता येणार नाहीत. गोरी कुटुंबे उपनगरांत गेली होती. हद्दीने त्यांना तिथे संरक्षण दिले.

नकाशा आणि निवड दोन्ही फसतात तिथे चिठ्ठी उरते. इंग्लंडमध्ये ब्रायटन आणि होव्ह या शहराने 2008 च्या प्रवेशांपासून हद्दी आखल्या, पण हद्दीतल्या शाळेत जागा कमी पडल्यास अंतर न मोजता सोडत काढायचे ठरवले, म्हणजे शाळेच्या शेजारचे महागडे घर विकत घेण्याला अर्थ राहू नये. दिल्लीत दुर्बल घटकांच्या जागांसाठी संगणकीय सोडत चालते. चिठ्ठी टाकणे आपल्याकडे देवाच्या दारातले काम. कौल मान्य केला जातो तो देव जाणतो या श्रद्धेने. संगणकाच्या सोडतीत जाणणारा कोणी नाही. तिचे बळ तिच्या आंधळेपणात आहे: ती एकलव्याची जात पाहत नाही आणि इतर शिष्यांकडेही पाहत नाही. पण सोडत न्याय्य असते ती वाटायच्या वस्तू जवळपास सारख्या असतील तोवर. एका चिठ्ठीत दूध आणि दुसरीत पिठाचे पाणी असेल तर हरलेल्या बापाला सोडतीची निष्पक्षता सांगण्यात अर्थ नाही.

हद्द कशी बदलावी याविषयी काही गोष्टी यातून व्यवहारापुरत्या निघतात. नवी जोडणी सहावीपासून लागू व्हावी, मधल्या वर्गातल्या मुलांना उचलू नये. भावंडांना एकत्र राहू द्यावे. पाळी, शाखा आणि रस्ता यांची माहिती जोडणीच्या कागदाबरोबर द्यावी. आणि नव्या घरांचा ताबा देण्याआधी त्यांच्या शाळेची व्यवस्था व्हावी, नंतर नाही. कायद्याचा आधार या सगळ्याला सारखा नाही. शिक्षण हक्क चौदाव्या वर्षापर्यंतचा आहे आणि शेजारशाळेचा शब्द आठवीपर्यंतच चालतो. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते अठरा वर्षांची भाषा केली, पण कायदा तिथवर आलेला नाही. त्यामुळे ज्या वर्गांवरून पालकांची झोप उडते, त्या नववी ते बारावीच्या वर्गांसाठी हद्द हा अजून हक्काचा नव्हे, केवळ कार्यालयीन परिपत्रकाचा विषय आहे.